लांडग्याचं बिऱ्हाड

मी चित्रं काढून पोट भरते असं सांगितलं की आमच्याकडची माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "व्हय, पर काम काय करतीस?" पूर्वी मी शाळांच्या भिंती रंगवायचे. अंगणवाडीच्या दारापाशी ससा, पाण्याच्या टाकीवर हत्ती, मुख्याध्यापकांनी सांगितलं तर मोर. आता सांगलीत भाड्याच्या खोलीत बसून स्क्रीनवर चित्रं काढते आणि ज्यांना कधी बघणार नाही अशा लांबच्या माणसांना पाठवते. त्यातली निम्मी गिऱ्हाइकं जनावरांची. जगात अशी पुष्कळ माणसं आहेत ज्यांनी स्वतःसाठी मनातल्या मनात एखादं जनावर तयार केलेलं असतं. ते दोन पायांवर चालतं, कपडे घालतं, त्याला सवयी असतात, दुखणी असतात, आणि त्याची चित्रं ही माणसं आमच्यासारख्यांकडून काढून घेतात. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे त्येंच्याकडं खरी जनावरं न्हाईत व्हय? मग आसूं दी बिचाऱ्यांचं."

गेल्या वर्षी असंच एक काम आलं. जनावर लांडगा. करडा रंग, एक कान फाटलेला, अंगात लांब जुना कोट. गिऱ्हाइकानं लिहिलं होतं की ह्या लांडग्याचे दिवस फिरले आहेत, तो एका झोपडीत गरिबीत राहतो, आणि त्या झोपडीत बसलेला तो मला हवा आहे. गरिबी दिसली पाहिजे, हे त्यानं दोनदा लिहिलं होतं. मला हसू आलं. म्हटलं, ह्या विषयात आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आम्ही आटपाडीकडची मेंढपाळ माणसं. पाऊस आमच्याकडे पाव्हण्यासारखा येतो आणि चहासुद्धा न घेता जातो.

तीन दिवसांत चित्र झालं. दगडमातीची एक खोली, वर पत्रा. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, मोठं खाली, लहान वर. राखेनं घासलेली चार भांडी एका ओळीत. शेणानं सारवलेली जमीन. दारात सडा. आढ्याखाली आडवा बांबू, ज्याला आम्ही वलण म्हणतो, त्यावर घडी घातलेलं काळं घोंगडं. मधे लांडगा, हात गुडघ्यावर, समोर अर्धी भाकरी. मला स्वतःलाच चित्र आवडलं होतं.

उत्तर आलं ते फार गोड भाषेत. चित्र सुंदर आहे, पण हा लांडगा सुखात दिसतो. घर किती टापटीप आहे! सुट्टीत राहायला जावं असं. गरिबी कुठे आहे?

मला इतका राग आला की मी उठून दोनदा पाणी प्याले. अर्धी भाकरी दिसली नाही का ह्याला? चार भांडी दिसली, पण चारच आहेत हे दिसलं नाही? ज्याच्याकडे चार भांडी असतात तो ती घासून ओळीत लावतो, चाळीस असणाऱ्याला कुठला वेळ! हे सगळं मी मनातल्या मनात त्याला सुनावलं. त्याला लिहिलं एवढंच की ठीक आहे, बदल करते.

पण बदल जमेना. मी कचरा काढला, तो कचऱ्याच्या चित्रासारखा दिसला. भिंतीला ओघळ काढले, ते नाटकाच्या पडद्यासारखे झाले. दुसऱ्यांदा पाठवलं, पुन्हा परत आलं. आता उत्तर तेवढं गोड नव्हतं, आणि आठ दिवसांची मुदत होती. अशी कामं एकाच्या शब्दावर दुसऱ्याकडून येतात. हा माणूस चार ठिकाणी म्हणाला असता की हिला जमत नाही, तर मी पुन्हा शाळेच्या टाकीवर हत्ती काढत बसले असते. मी आधीपासून समोर बघून काढणारी, मनातून काढायला मला येत नाही. मग समोर बघायला कुठे जायचं, हे काही अवघड नव्हतं.

तरी एक चूक केलीच. आईला आधी फोन केला. म्हटलं, "आई, घराचं चित्र काढायचं हाय. फोटो घ्यायला येते."

आई आटपाडीच्या पुढे वस्तीवर एकटी राहते. वडील जाऊन सहा वर्षं झाली. भाऊ गलाईच्या धंद्यात, म्हणजे लांब दक्षिणेत एका शहरात सोनं गाळायच्या दुकानात असतो. तो दर दिवाळीला स्लॅबचं घर बांधायचं काढतो आणि आई दर दिवाळीला म्हणते, "म्होरल्या साली बघू." तेव्हा तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं भरलेले होते. तिला माणूस आवाजावरून कळायचं आणि वस्तू हातानं.

सकाळच्या गाडीनं निघाले. तासगावच्या द्राक्षबागा, बेदाण्याच्या शेडांची हिरवी कापडं मागे पडली, पुढे रान उघडं होत गेलं, आणि वस्तीवर उतरून बघते तर काय. घर पांढरंशुभ्र! भिंतींना चुन्याचा ताजा पोचारा. तोही डोळ्यांना नीट दिसत नसताना दिलेला, त्यामुळे दाराच्या फळीवर पांढरे फराटे आणि उंबऱ्यावर ठिपके. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पेटीतले नवे स्टीलचे डबे बाहेर मांडले होते, भावानं दिलेले, एकावरचीही चिठ्ठी न काढलेली.

"काढ आता फोटू," ती दारात सरळ उभी राहून म्हणाली. "त्येंनी इचारलं तर सांग, माझ्या आईचं घर हाय."

मी फोटो काढले. वीस-पंचवीस काढले. प्रत्येक वेळी ती पदर सारखा करायची. एकाचाही मला उपयोग नव्हता, आणि तिला ते सांगायची माझी छाती नव्हती. काय सांगणार होते? की आई, कुणाला तरी दळिंदर घर हवंय, आणि मला तुझं आठवलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेरडं घेऊन ओढ्याकडे गेली. चार शेरडं आहेत, ती तिला नेतात की ती त्यांना, हे आता सांगता येत नाही. ती बाभळीपलीकडे दिसेनाशी झाली आणि मी कामाला लागले. मी उतरंड उतरवून मडकी आडवीतिडवी टाकली. भांड्यांना चुलीतली राख फासली. स्टीलचे डबे पलंगाखाली ढकलले. गादीखालची वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, ओढून काढली. ती इतकी विरली होती की आई तिच्यावर नेहमी चादर घालते. ती मी उलटी पसरली. नव्या चुन्यावर ओली राख फेकायचीही इच्छा झाली होती, पण तेवढी मी निर्लज्ज नव्हते. त्या भिंती फोटोत पांढऱ्या आल्या तर नंतर मी काळ्या करणार होते.

तरी लांडग्याला बसायला काहीतरी हवं होतं. काहीतरी काळं, जड. मी वर बघितलं आणि वलणावरचं घोंगडं काढलं.

ते वडिलांचं. आमच्या घरात पुरुषाचं घोंगडं पुरुषच घडी घालतो, बाई नाही. दिवाळी झाली की वडील मेंढरं घेऊन पाटणकडे निघायचे, वाटेत उसाच्या मळ्यांत मेंढरं बसवायचे. खताच्या बदल्यात धान्य मिळायचं. पहाटे उठलं की पहिलं काम घोंगड्याची घडी. ती कशीतरी वेगळीच असायची, काठाच्या लोंबत्या दशा आत जायच्या, एका टोकाला खोळ राहायची, की पाऊस आला तर घडी न मोडता डोक्यावर घेता यावी. लहानपणी एका खेपेला मी त्यांच्याबरोबर होते. लांडग्यानं कोकरू नेलं तेव्हा सगळे ओरडत धावले, वडील मात्र काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "जाऊं द्या रं. त्येला बी प्वाट हाय." त्यांच्या जाण्यानंतर आई ते घोंगडं अमावास्येला उन्हात ठेवायची, तेही घडीसकट. ही बाजू, मग ती बाजू. मी एकदा म्हटलंही होतं, अगं पसरून टाक, आत ऊन लागू दे. तिनं ऐकलं नाही. मी ते म्हातारपणाचं खूळ समजले.

मी घडी झटक्यात उलगडली. आतून मेंढरांचा आणि धुराचा वास आला, आणि वाळलेल्या गवताची कुसळं जमिनीवर पडली. घोंगडं मी भुईवर आंथरलं, त्यावर रॉकेलची मोडकी चिमणी ठेवली, फोन दाराला टेकवला आणि फोटो काढत सुटले. प्रत्येक फोटोला कान बाहेर. शेरडाच्या गळ्यातली घंटी वाजली किंवा वाजल्यासारखी वाटली की माझा हात थांबायचा. फोटो मात्र असे आले की बघून मलाच घाण वाटली. गरिबी दिसत होती. माझ्या आईच्या घरात.

मग भराभर सगळं जागेवर. मडकी उतरंडीत, भांडी घासून ओळीत, वाकळ चादरीखाली. राख आणि कुसळं झाडून बाहेर टाकली. घोंगड्याची घडी घातली, चौपदरी, नीट, काठाला काठ लावून, आणि वलणावर ठेवली.

आई आली. पाणी प्याली. नेहमीसारखी खोलीभर हात फिरवत गेली, चूल, उतरंड, डब्यांची झाकणं. तिला बघायचं असेल तर ती असंच बघायची. वलणाखाली आली, हात वर केला आणि घोंगड्यावर ठेवला. तिथेच थोडा वेळ राहिला.

"दमलीस व्हय आई?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "च्या ठेव."

परतीच्या गाडीत मी स्वतःला पन्नास वेळा समजावलं की तिला काही कळलं नसणार. डोळ्यांना दिसत नाही तिला. हात दमून टेकवला असेल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

चित्र झालं. लांडगा काळ्या घोंगड्यावर पोक काढून बसलेला, मागे राखेनं माखलेली भांडी, आडवी मडकी, उसवलेली वाकळ, आणि मी काळ्या केलेल्या भिंती. गिऱ्हाईक खूश झालं. त्यानं लिहिलं की हे बघून गळा दाटून आला, इतकं खरं तुम्हाला कसं सुचलं? मी आभार मानले. पुढे त्याच्या ओळखीनं आणखी कामं आली. माझं भलंच झालं म्हणायचं.

पण दर दोन दिवसांनी आईचा फोन, आणि ख्यालीखुशाली झाली की तोच प्रश्न. "झालं का गं चित्र?"

आधी म्हटलं, व्हायचंय. मग म्हटलं, झालंय, पण त्यांनी ठेवून घेतलंय. मग मला एक छान सबब सापडली. म्हटलं, "आई, तुझे डोळे होऊ देत. आत्ता तुला धुरकट दिसंल, मग काय मजा?"

"बरं," ती म्हणाली. "डोळं झालं की बघीन."

आणि त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांची मला भीती वाटायला लागली. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. सांगलीच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख घ्यायचं काम भावानं माझ्यावर सोपवलं होतं. मी ते दोनदा पुढे ढकललं. एकदा सांगितलं, डॉक्टर रजेवर आहेत. एकदा सांगितलं, उन्हाळ्यात करत नाहीत. डॉक्टर रजेवर नव्हते आणि ते बारा महिने करतात. तिकडे आई चाचपडत शेरडांमागे जात होती आणि इकडे तिला दिसू नये म्हणून मी धडपडत होते. एक दिवस शेजारणीचा फोन आला, आई ओढ्याच्या काठावरून पाय घसरून पडली. फार लागलं नाही, कोपर खरचटलं. त्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन नंबर लावला.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि काळा चष्मा लावून मी तिला खोलीवर आणलं. ती खुर्चीत बसली आणि हळूहळू मान फिरवून सगळी खोली बघून घेतली.

"किती जळमटं गं हितं," ती म्हणाली. "आन् तू कवा येवढी वाळलीस?"

मी हसले. वाटलं, आजचा दिवस निभावला. तिनं चहा पिऊन कप खाली ठेवला.

"आता दाव चित्र."

मी तयारी केली होती. गिऱ्हाइकानं नाकारलेलं पहिलं चित्र माझ्याकडे होतंच, टापटीप घराचं. तेच तिच्यासमोर धरलं. तिनं चष्मा कपाळावर सरकवला. मी नको नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. ती एकेक वस्तू बघत गेली, पूर्वी हातानं बघायची तशीच सावकाश.

"उतरंड बराबर हाय. भाकरी चांगली हाय. सडा बी घातलाईस." मग तिनं बोट भिंतीवर ठेवलं. "पर ह्ये तू घरी यायच्या आधी काढल्यालं. ह्यात चुना कुठाय? मी येवढा चुना दिला तो न्हाई ह्यात."

मी चित्र बाजूला घ्यायला लागले.

"मी शेरडांमागं गेल्यावर फोटू काढलंस," ती म्हणाली, "त्येचं दाव."

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती शेजारणीकडे विरजण मागावं तसं म्हणाली. मी दुसरं चित्र उघडलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. खिडकीबाहेर भाजीवाला ओरडत होता. तो गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ती चित्र बघत होती.

"कान कुणी फाडला ह्येचा?"

"ते त्यांनीच तसं सांगितलं होतं."

"कुत्र्यानं फाडला आसंल. मेंढरांच्या वाड्यात शिरला आसंल." तिनं बोटानं भांडी दाखवली, वाकळ दाखवली. "ह्ये घर आपलं न्हवं. आपलं घर आसं कवाच न्हवतं."

"न्हवतं, आई."

"घोंगडं तेवढं आपलं हाय."

मी तिच्या पायाशी बसले. म्हटलं, "आई, चुकलं माझं. बाचं घोंगडं मी भुईवर टाकलं, त्याच्यावर लांडगा बसवला."

"लांडग्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "तुझा बा त्येला 'उठ' म्हनला नसता. बस म्हनला असता. पर घडी त्येची व्हती गं. शेवटच्या खेपंला पाटणास्नं आला, घडी घातली आन् वलणावर ठेवली. मग दुखण्यात पडला तो काय उठलाच न्हाई. तवापास्नं मी ती उलगडली न्हवती."

सहा वर्षं ती घडीसकट उन्हात ठेवत होती, ही बाजू, मग ती बाजू, आणि मी त्याला खूळ म्हणत होते. कुसळंसुद्धा मी झाडून टाकली होती. त्यांच्या शेवटच्या वाटेवरची कुसळं.

"मला सांगायचंस तरी," मी म्हटलं.

"तू कवा इचारलंस?"

मग लहान पोरीसारखी काहीतरी बोलून गेले. "मी येते तुझ्याबरोबर वस्तीवर. मी घालते परत तशी. मला आठवतंय थोडं, दशा आत, एका बाजूला खोळ..."

"तुला न्हाई यायची," आई म्हणाली. "तू गेलीस त्याच राती मी घालून बघितली. मग रोज बघितली. हाताला सगळं कळतंय, पर घडी काय बसंना. मला बी न्हाई येत."

तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि चित्र मला परत दिलं. औषधाचे थेंब घालायची वेळ झाली होती. तिनं मान मागे टाकली, मी बाटली धरली. आठ दिवस अजिबात रडायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, आणि तिनं ते पाळलं. मला कुणी बजावलं नव्हतं.